अनुभव धागा: जंगल क्रूझच्या बोटीतले जुने फोटो

दिवाळीच्या आवराआवरीत बाबांच्या स्लाइड्सचा डबा सापडला. एका पुठ्ठ्याच्या चौकटीवर ऑगस्ट १९७४चा शिक्का. उजेडाकडे धरली तर डिस्नीलँडची जंगल क्रूझ! लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या छताची बोट, बाकावर पाचवारी साडीतली आई आणि मागे पाण्यात डुंबणारे हत्ती. फोटो सगळे बाबांनी काढलेले, त्यामुळे ते स्वतः कशातच नाहीत. आता तर विचारायलाही नाहीत.

कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमची ही नकली जंगलातली बोटीची राइड १७ जुलै १९५५ला, पार्क उघडला त्याच दिवशी सुरू झाली. वॉल्ट डिस्नीच्या मनात खरे प्राणी होते. पण ते दिवसा झोपणार नाहीतर झाडीत दडणार, म्हणून यंत्राचे आले. तुमच्या घरी असे फोटो असतील तर त्यांच्या गोष्टी लिहा. कोणी काढला, गावी पोचल्यावर काय झालं, सगळं.

सातारा

मामा १९६८ला शिकायला गेला, पुढच्या वर्षी त्याचा फोटो आला. तो बोटीत आणि शेजारी जबडा वासलेला पाणघोडा. आजीनं आधी देवापुढे साखर ठेवली, मग आईकडून पत्र लिहवून घेतलं, 'पाण्यात हात घालू नकोस.' मामानं उत्तरात चार पानं लिहिली. बोट पाण्याखालच्या रुळावरून चालते. पाणी मुद्दाम रंगवून गढूळ ठेवतात, म्हणजे रूळ आणि प्राण्यांखालची यंत्रं दिसत नाहीत. जंगलातली काही झाडं म्हणजे तिथल्या जुन्या बागांतली संत्र्याची झाडं, मुळं वर करून उलटी लावलेली! आजीनं ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिनं सर्कशीतला साखळीचा हत्ती पाहिलेला होता. ती एवढंच म्हणाली, "बरं झालं. म्हणजे कुणाला कोंडून नाही ठेवलेलं."

फोटो अजून आमच्या माजघरात आहे.

फ्रीमाँट

ज्यांच्या फोटोंवर तारीख नाही त्यांच्यासाठी. डुंबणाऱ्या हत्तींचा कळप डिस्नीचा चित्रकार मार्क डेव्हिसच्या कल्पनेतला, १९६२चा. गेंड्याच्या भीतीनं खांबावर चढलेली माणसं १९६४पासूनची. बोटी मळकट, जुनाट दिसतील अशा केल्या त्या १९९०च्या दशकात, म्हणजे पट्ट्यांचं छत असेल तर फोटो त्याआधीचा. आणि स्लाइड्स कोडाक्रोम फिल्मच्या असतील तर अंधारातच ठेवा, रंग टिकतात. आमचे त्याच काळातले कागदावरचे फोटो लालसर पडलेत, फार वाईट वाटतं.

पुणे

आमच्याकडून अमेरिकेला कोणीच गेलं नव्हतं. शेजारच्या काकूंकडे व्ह्यूमास्टर, म्हणजे डोळ्यांना लावून चित्रं बघायचं खेळणं होतं, त्याच्या एका चकतीत ही बोट होती. एका चकतीत सातच चित्रं. मगरीचं आलं की मी खटका दाबायचेच नाही, मागे रांगेत भाऊ रडायचा.

सॅन होजे

आमच्या डब्यात भाले घेतलेल्या 'रानटी' पुतळ्यांच्याही दोन स्लाइड्स आहेत. पाहुण्यांसमोर प्रोजेक्टर लावला की बाबा त्या पटकन पुढे सरकवायचे. लहानपणी कारण कळायचं नाही. २०२१मध्ये डिस्नीनं ते देखावे बदलले, ते योग्यच झालं. स्लाइड्स मी टाकल्या नाहीत. लेकीला दाखवताना मात्र तिथे थांबते आणि आपण त्या काळी इकडे कसे पाहिले जायचो तेही सांगते.

धागाकर्ती

सगळ्यांचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. साताऱ्याच्या आजींचं वाक्य तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "ती हत्तींची स्लाइड ह्यांनी नाही काढली. समोरच्या बाकावर एक म्हातारी बाई होती, तिच्या हातात कॅमेरा दिला होता. हे माझ्या शेजारीच बसले होते." रात्री स्कॅन मोठा करून पाहिला. उजव्या कडेला, चौकटीला अगदी चिकटून, दुमडलेल्या निळ्या बाहीतला एक कोपर आहे.