कायदे सोपे झाले, तरी मतदान का वाढत नाही?

मी ऐरोलीची. सोसायटीत मतदार नोंदणीचं टेबल मीच लावते. धाकटी लेक फेब्रुवारी २०२४ मध्ये अठराची झाली. पूर्वी वयासाठी १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे, त्या हिशोबानं ती लोकसभेला हुकली असती. निवडणूक कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनं एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली तारीखही धरली जाते, म्हणून २० मे २०२४ ला तिनं मत दिलं. शाई लागलेलं बोट दिवसभर सगळ्यांना दाखवत होती. पण ठाणे लोकसभेत त्या दिवशी मतदान जेमतेम ५२ टक्के. गळती नेमकी कुठे होते? तुमच्या भागातलं सांगा.

कळव्याचे गुरुजी: ताई, मी बीएलओचं, म्हणजे एका मतदान केंद्राची यादी सांभाळायचं काम केलंय. गळती यादीतच आहे. अकरा महिन्यांच्या करारावरची बिऱ्हाडं हलतात, नाव जुन्या पत्त्यावर राहतं. वारलेल्यांचं नाव काढायचा अर्ज, नमुना ७, कुणी भरत नाही. टक्केवारी यादीतल्या नावांवर काढतात, म्हणजे ही नावंही न आलेल्यांत मोजली जातात. २०२२ पासून घर दुसऱ्या मतदारसंघात हललं तरी पत्ता बदलायला नमुना ८ हा एकच अर्ज पुरतो. पण लोकांना आठवण होते मतदानाच्या आठवड्यात, आणि उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नवं नाव घेताच येत नाही.

नेरुळकर: बाबा ८७ वर्षांचे. घरून मत देण्यासाठीचा १२-ड अर्ज भरला, पथक घरी आलं, त्यांनी शांतपणे मत दिलं. आई ८२ ची, गुडघ्यांनी बेजार. मार्च २०२४ मध्ये घरून मतदानाची वयाची अट ८० वरून ८५ केली, त्यामुळे तिला केंद्रावरच न्यावं लागलं. रिक्षा, मग खुर्ची. हा बदल मला अजिबात पटलेला नाही.

ऐरोलीची (मूळ प्रश्न माझाच): गुरुजी, तुमचं वाचून आमच्या गेटवरचे काका आठवले. नाव साताऱ्याकडच्या गावच्या यादीत. तिथलं मतदान ७ मे ला, आणि त्या दिवशी ते इथे बारा तासांच्या ड्युटीवर. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ बी प्रमाणे मतदानाची भरपगारी सुट्टी मिळायला हवी, रोजंदारीवाल्यालासुद्धा. एजन्सीनं "बदली माणूस नाही" म्हणून सांगितलं. सुट्टी न देणाऱ्या मालकाला दंड किती, तर जास्तीत जास्त ५०० रुपये! मी काकांसाठी नमुना ८ घेऊन गेले होते. त्यांनी तो घडी घालून परत दिला. गावच्या यादीत आईच्या नावाखाली त्यांचं नाव आहे, ते हलवायला त्यांचं मन होत नाही.