सेंट पीटर्सबर्ग (फ्लोरिडा), झोन बी: वादळाआधी घर सोडायचंय, सोबत सासू-सासरे आणि बाळ

रानजाई:
आम्ही सेंट पीटर्सबर्गला भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये तळमजल्यावर राहतो. पिनेलस काउंटीच्या नकाशावर आमचा पत्ता झोन बीमध्ये दाखवतो. वादळ अजून मेक्सिकोच्या आखातात बरंच दक्षिणेला आहे, गुरुवारी इकडे येईल म्हणतात. आज सोमवार.

घरात आम्ही दोघं, सव्वा वर्षाचं बाळ आणि सांगलीहून आलेले सासू-सासरे. सासऱ्यांना इन्सुलिन चालू आहे. सासूबाईंना गुडघ्यांमुळे खाली बसता-उठता येत नाही. गाड्या दोन, एक पेट्रोलची आणि एक इलेक्ट्रिक. आम्ही एच-वन-बीवर, बाळ इथलं नागरिक.

ऑफिसातले काहीजण म्हणतात, कॅटेगरी दोनच तर आहे, थांबा. टॅम्पाच्या उत्तरेला, आतल्या भागात वेस्ली चॅपेलला ओळखीचं एक कुटुंब आहे, ते या म्हणतायत. आम्ही अटलांटाची हॉटेलं बघत होतो. कधी निघावं, किती लांब जावं, आणि घर बंद करताना काय करावं?

खारवारा:
कॅटेगरीवरून अजिबात ठरवू नका. तो आकडा फक्त वाऱ्याच्या वेगाचा आहे, पाणी किती चढेल याचा त्यात हिशेबच नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाचा केंद्रबिंदू टॅम्पा बे या आपल्या कडेच्या खाडीपासून शंभराहून जास्त मैल लांबून गेला, तरी सेंट पीटर्सबर्गला नेहमीच्या भरतीच्या वर सहा फुटांहून जास्त पाणी चढलं. दोन आठवड्यांत मिल्टन आलं, ते दक्षिणेला सिएस्टा कीजवळ जमिनीवर आलं आणि त्याच्या वाऱ्याने टॅम्पा बेचं पाणी उलट बाहेर ओढलं. पण त्याच रात्री सेंट पीटर्सबर्गमध्ये १८ इंचांहून जास्त पाऊस कोसळला. वादळाचा मार्ग तीस-चाळीस मैलांनी इकडेतिकडे झाला की उधाणाचं सगळं गणित फिरतं, आणि तेवढी चूक दोन दिवस आधीच्या अंदाजात सहज असते. वादळाच्या अंदाजाच्या नकाशावरचा तो शंकूसुद्धा फक्त केंद्रबिंदू कुठे जाईल ते दाखवतो. शंकूच्या बाहेर म्हणजे सुरक्षित, असं मुळीच नाही.

झोनबद्दल एक खात्री करून घ्या. घर सोडायचा झोन, ए ते ई, काउंटी ठरवते आणि तो समुद्राच्या उधाणावर बेतलेला असतो. विम्याच्या कागदांवर एई, एक्स असं काही असतं तो पूरविम्याचा नकाशा, वेगळा. विम्याच्या नकाशात एक्स आहे म्हणून झोन बीतला माणूस घरी थांबला, तर तो चुकीचा कागद वाचतोय.

आता वेळ. नॅशनल हरिकेन सेंटरची पत्रकं पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११ ला येतात. त्यात ताशी ३९ मैलांचे वारे लवकरात लवकर कधी पोहोचू शकतात याचा एक नकाशा असतो. बाकी काही पाहिलं नाही तरी तो पाहा. तुम्ही द्वीपकल्पावर आहात. टॅम्पाकडे जायला हॉवर्ड फ्रँकलंड, गँडी आणि कोर्टनी कॅम्पबेल हे तीन पूल, आणि साधारण ताशी ४० मैलांच्या सततच्या वाऱ्यात पुलावरून जाणं धोक्याचं. नकाशा गुरुवार सकाळ म्हणत असेल तर बुधवारी दुपारपर्यंत तुम्ही पोहोचलेले हवेत, निघालेले नव्हे. झोन बीला घर सोडायचा आदेश निघायची वाट पाहू नका. आदेश निघाला की त्याच तासात सगळे रस्त्यावर येतात. बाळ आणि म्हातारी माणसं असताना मंगळवारी दुपारी जेवून निघणं सगळ्यात बरं.

अटलांटा सोडून द्या. पावणेपाचशे मैलांचा रस्ता आहे आणि आय-७५ महामार्ग त्या दिवशी रांगतो. २००५ मध्ये रीटा वादळाच्या आधी ह्यूस्टन परिसरातून लाखो लोक एकदम निघाले. शंभराच्या आसपास माणसं गेली, त्यातली बहुतेक वादळात नाही, तर त्या बाहेर पडण्यातच गेली: उष्णता, तासन् तास उभ्या गाड्या, आणि वृद्धाश्रमाच्या बसला लागलेली आग. फ्लोरिडात सांगतात, पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. पाण्यातून बाहेर पडायला तुम्हाला जेमतेम चाळीस मैल पुरतात. वेस्ली चॅपेल उत्तम. आय-२७५ ने हॉवर्ड फ्रँकलंडवरून उत्तरेला जा, दक्षिणेच्या स्कायवे पुलाकडे वळू नका. फक्त त्या कुटुंबाला चार गोष्टी विचारा: त्यांचा पत्ता कुठल्याही झोनमध्ये नाही ना, घर पक्कं आहे ना (मोबाइल होम, म्हणजे आणून ठेवलेलं हलकं तयार घर असेल तर झोन कुठलाही असो, तिथे जायचं नाही), मागचं तळं भरून अंगणात येतं का, आणि छतावर मोठा ओक वृक्ष झुकलेला आहे का.

निरगुडी:
मी सासऱ्यांपुरतं लिहिते, कारण यात होणारी एक चूक जिवावर बेतू शकते. भारतातून आणलेल्या इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या ४० युनिट प्रति मिली असतात आणि त्यांच्या सिरिंजही ४० च्याच. अमेरिकेत बहुतेक इन्सुलिन १०० युनिट प्रति मिली. इथलं इन्सुलिन तिकडच्या सिरिंजने घेतलं तर डोस अडीच पट होतो. बाटलीवरचा आकडा वाचा, सिरिंजही त्याच आकड्याची ठेवा आणि दोन्ही एकाच पिशवीत बांधा. पेन असेल तर हा घोळ होत नाही, पण सुया पुरेशा घ्या.

न उघडलेलं इन्सुलिन छोट्या कूलरमध्ये, जेल पॅक टॉवेलमध्ये गुंडाळून. बर्फाला थेट टेकलं आणि गोठलं तर ते फेकायचं, वितळवून वापरायचं नाही. चालू असलेली बहुतेक इन्सुलिनं ३० अंश सेल्सियसच्या आत साधारण २८ दिवस बाहेर टिकतात, तरी प्रत्येकाचा कागद पाहा. उन्हात उभ्या गाडीत पाच मिनिटंही नको. ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि साखर त्यांच्या स्वतःच्या खिशात असू द्या, डिकीतल्या बॅगेत नाही.

गोळ्या दोन आठवड्यांच्या तरी हव्यात. कमी असतील तर आजच अर्जंट केअरला (वेळ न घेता जाता येतं असा दवाखाना) किंवा फोनवर डॉक्टरांशी बोला, भारतातली चिठ्ठी इथल्या दुकानात चालत नाही. औषधाचं ब्रँड नाव नको, मूळ नाव सांगा: ग्लायकोमेट म्हणून कुणाला कळणार नाही, मेटफॉर्मिन म्हणा.

शेल्टरमध्ये, म्हणजे सार्वजनिक निवाऱ्यात, जावं लागलंच तर माणशी साधारण २० चौरस फूट जागा मिळते आणि खाट मिळेलच असं नाही. सासूबाईंसाठी घडीची खुर्ची नक्की घ्या. ऑक्सिजन किंवा सतत वीज लागणाऱ्यांसाठी वेगळी शेल्टर असतात, त्यांची नोंदणी आधी करावी लागते. तुम्हाला त्याची गरज दिसत नाही.

कागद: सगळ्यांचे पासपोर्ट, आय-९४ (देशात प्रवेशाची नोंद) ची प्रत, आय-७९७ (व्हिसा अर्ज मंजुरीचं पत्र), बाळाचा जन्मदाखला, भाडेकरार, सासू-सासऱ्यांचा प्रवासविमा. झिपच्या पिशवीत, आणि सगळ्यांचे फोटो फोनमध्ये. जन्मदाखला विसरू नका. एच-वन-बीवाल्यांना फेमा या केंद्र सरकारच्या आपत्ती संस्थेची रोख मदत मिळत नाही, पण नागरिक असलेल्या मुलाच्या नावाने आईवडील अर्ज करू शकतात. शेल्टर, पाणी, अन्न मात्र व्हिसा न विचारता मिळतं.

उंबरठा:
इलेक्ट्रिक गाडी तिथे ठेवून जाऊ नका. बॅटरीत खारं पाणी शिरलं की मीठ मागे राहतं, आतल्या आत शॉर्ट होतो, आणि आग कित्येक दिवसांनीही लागू शकते. इयन आणि हेलीन, दोन्ही वादळांनंतर फ्लोरिडात हे झालंय. दोघं चालवत असाल तर दोन्ही गाड्या न्या. उद्यापर्यंत पूर्ण चार्ज करा, चाळीस मैलांना वाटेत चार्जर शोधावा लागणार नाही. ई-स्कूटर, ड्रिलच्या बॅटऱ्या, पॉवर बँकासुद्धा सोबत. पेट्रोलची टाकी आजच भरा. वीज गेली की पंपही बंद आणि कार्डही बंद, म्हणून सुट्ट्या नोटा ठेवा.

घर सोडताना आधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, कपाटं आणि ड्रॉवर उघडून, टीव्ही-फ्रिजच्या मागचे नंबर दिसतील असा. मग पॅटिओतलं सगळं आत: कुंड्या, खुर्च्या, तुळशीची कुंडीही. काचांवर टेप लावण्यात वेळ घालवू नका, काच त्याने वाचत नाही. उपकरणांचे प्लग काढा, शेवटी मुख्य ब्रेकर पाडा, पण कोरड्या हातांनी आणि कोरड्या जमिनीवर उभं राहून.

यजमानांकडे जाताना आपलं पाणी आपण न्यायचं: माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पाच जणांना तीन दिवसांचे १५. खायला दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस चांगल्या राहतात, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा. बाळाच्या सवयीचं खाणं थोडं जास्तच घ्या, त्या दिवसांत दुकानांतल्या फळ्या रिकाम्या होतात.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. मंगळवारी दुपारी निघायचं ठरवलं. दोन शंका. तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी म्हणतात, आमच्याकडे या, पाणी वर येणार नाही. आणि भाडेकरूच्या विम्यात पाणी येतं का?

खारवारा:
पाणी तिसऱ्या मजल्यावर येणार नाही, हे खरं. पण खालचा जिना पाण्यात, लिफ्ट बंद, नळ आणि संडास बंद, आणि वारा ताशी ४०-४५ मैलांच्या वर गेला की रुग्णवाहिका निघतच नाही. रात्री दोनला सासऱ्यांची साखर उतरली तर कुणी येऊ शकणार नाही. रस्ते खरंच बंद झाले तरच तो पर्याय.

भाडेकरूच्या नेहमीच्या विम्यात समुद्राचं किंवा पुराचं पाणी येत नाही. सरकारी पूरविम्यात भाडेकरूला फक्त सामानाचा विमा घेता येतो, जास्तीत जास्त १,००,००० डॉलरचा. पण सहसा ३० दिवसांनी लागू होतो, म्हणजे या वादळाला उपयोग नाही.

उंबरठा:
परतताना काउंटीने झोन उघडल्याचं पाहूनच निघा. भिंतीवर ओल वर चढलेली दिसली तर ब्रेकर वर करू नका, आधी इलेक्ट्रिशियन. साचलेल्या पाण्यात मैला आणि जंतू असतात, पायाला जखम असेल तर त्यात उतरूच नका. चिखल पुसण्याआधी पाण्याच्या रेषेजवळ मोजायची टेप धरून फोटो काढा. आणि नळाचं पाणी उकळून प्या अशी सूचना असेल तर बाळाची दुधाची पावडर बाटलीबंद पाण्यातच कालवा.