शिकागोच्या झेंड्यावरचा तारा : षट्कोनी म्हणावा का?

अनाहूत : शिकागो शहराच्या ध्वजाचं वर्णन लिहिते आहे. 'पांढऱ्यावर दोन निळे काठ, मध्ये चार षट्कोनी लाल तारे' असं जमवलंय, पण 'षट्कोनी' खटकतं. पर्याय सुचवा.

कोनमापक : खटकायलाच हवं. षट्कोन म्हणजे सहा बाजूंची बंद आकृती. आणि 'षट्कोनी तारा' म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतात ते पूजेच्या यंत्रातले एकमेकांत गुंतलेले दोन त्रिकोण. त्यांची टोकं ६० अंशांची. ध्वजकर्ता वॉलेस राइस याने शिकागोच्या ताऱ्याला ३० अंशांची, चांगली अणकुचीदार टोकं दिली. 'टोकदार, सहा टोकांचा तारा' लिहा. पाच टोकं त्याने मुद्दाम टाळली, कारण तसे तारे सार्वभौम राज्यांच्या झेंड्यांवर असतात.

काढून बघायचा असेल तर १० सेंमी त्रिज्येच्या वर्तुळावर दर ६० अंशांना एक बिंदू घ्या. आत ३.६६ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ, त्यावरचे सहा बिंदू ३० अंशांनी सरकवलेले. आतबाहेर आळीपाळीने जोडत गेलात की दोन टोकांमधली खाच बरोबर काटकोनात येते. आतलं वर्तुळ ५.७७ चं झालं तर झालेच तुमचे दोन त्रिकोण! तयार चित्र चिकटवणारे नेमके इथेच फसतात.

आडवातिडवा : 'काठ'ही काढा. साडीचा काठ अगदी कडेला असतो. इथे निळ्याच्या वर आणि खालीही पांढरं आहे. 'आडवे पट्टे' म्हणा, रंग 'फिकट निळा'. प्रत्येक निळा पट्टा उंचीच्या एक षष्ठांश, आणि कडेपासूनचं अंतर त्याहून किंचित कमी. म्हणजे ९० सेंमी उंच झेंड्यात निळे १५-१५, कडेचे पांढरे १४-१४ धरले तर मधला ३२. 'तीन समान पांढरे पट्टे' असं कुठे आलं असेल तर तेही खोडा.

अर्थ थोडक्यात : पांढरे म्हणजे शहराचे उत्तर, पश्चिम, दक्षिण भाग. वरचा निळा मिशिगन सरोवर आणि नदीची उत्तर शाखा, खालचा दक्षिण शाखा आणि कालवा.

अनाहूत : आभार. 'पहिला तारा फोर्ट डिअरबॉर्न किल्ल्याचा' हे चालेल ना?

कोनमापक : जागेने पहिला, काळाने शेवटचा! १९१७ साली दोनच तारे होते : १८७१ ची आग आणि १८९३ चं जागतिक प्रदर्शन (विवेकानंद बोलले ती सर्वधर्मपरिषद याच निमित्ताने भरली होती). १९३३ मध्ये त्या वर्षीच्या प्रदर्शनाचा तिसरा आला. किल्ल्याचा १९३९ मध्ये आला आणि काठीलगत बसला. म्हणून 'काठीलगतचा तारा' लिहा. 'डावीकडचा'ही नको, मागून पाहिलं की तो उजवीकडे जातो.

आडवातिडवा : जुन्या छायाचित्राखाली ओळ लिहायची असेल तर तारे मोजून घ्या. तीन दिसले तर तो झेंडा १९३३ ते १९३९ मधल्या नमुन्याचा.