अंडरकव्हर जाऊन पुरावा मिळवणं कुठपर्यंत चालतं?

साधा_माणूस:
समजा लाचखोर पकडायचाय म्हणून पोलीस किंवा पत्रकार खोट्या नावाने आत शिरले, महिनोनमहिने विश्वास कमावला, मग पैसे पुढे केले आणि छुप्या कॅमेऱ्यात घेतलं. पुरावा मिळाला खरा, पण त्या माणसाने एरवी हा गुन्हा केला असता का? आणि सरकारनेच नागरिकाला फसवायचं हे लोकशाहीत बसतं कसं, मला खरंच खटकतंय.

मुक्तछंद:
बसतं, पण अटी आहेत. गुन्हा आधीपासून चालू होता आणि तुम्ही फक्त गिऱ्हाईक बनून गेलात, का मागे लागून तुम्हीच तो करवून घेतलात, कोर्ट मुख्य हेच बघतं. अमेरिकेत सरकारी लोकांनी एका शेतकऱ्याला बनावट संस्थांच्या नावाने दोन वर्षांहून जास्त काळ पत्रं पाठवली, शेवटी त्याने बेकायदा मासिक मागवलं आणि अटक. १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याची शिक्षा रद्द केली, म्हणाले तुम्ही गाठायच्या आधीच त्याची तशी तयारी होती हे सिद्ध करा.

रानवारा:
पत्रकारांचं अजून अवघड, वर सही करणारा कुणीच नाही. भारतात २०१४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की स्टिंग करणाऱ्याला आपोआप माफी नाही. आणि २००७ ची दिल्लीची केस आठवा, एका शिक्षिकेवरचं बनावट स्टिंग चॅनलवर दाखवलं, जमावाने तिला मारहाण केली, नंतर कळलं सगळं रचलेलं. चॅनल महिनाभर बंद ठेवलं सरकारने, पण तिचं काय?

निशा_७:
सगळे पुराव्याबद्दलच बोलताय. ब्रिटनमध्ये आंदोलकांच्या गटांत घुसवलेल्या पोलिसांनी खोट्या ओळखीवर बायकांशी वर्षानुवर्षं संबंध ठेवले, काहींनी तर मेलेल्या लहान मुलांची नावं वापरली, त्या बायकांवर कसलाही आरोप नव्हता हो! २०१५ ला चौकशी नेमली, २०२१ मध्ये एकीच्या बाजूने निकाल लागला की तिच्या मानवी हक्कांचा भंग झाला. तिची गेलेली वर्षं कुठून आणणार.

साधा_माणूस:
म्हणजे परवानगी कोण देतं हाच खरा प्रश्न ना?

मुक्तछंद:
हो, आणि देणारा त्याच खात्यातला नको. ब्रिटनच्या २०२१ च्या कायद्यात एजंटला गुन्हा करायची मुभा खातंच देतं, न्यायिक आयुक्ताला, म्हणजे यावर देखरेख ठेवणाऱ्या न्यायाधीशाला, नंतर कळवलं तरी चालतं. मला हे साफ उलटं वाटतं, आधी न्यायाधीशाची सही हवी मग माणूस आत पाठवा.