मदत हवी आहे: कंपनी बंद पडली, पीएफ अडकलाय

नमस्कार मंडळी, आमच्या मिस्टरांचा पीएफ २०२० पासून लोंबकळतोय. भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ते सात वर्षं टर्नर होते. लॉकडाऊन उठल्यावर कामावर गेले तर गेटला कुलूप, फटीतून पाहिलं तर लेथवर ताडपत्री. मालकाचा फोन तेव्हापासून बंदच.

त्या वर्षी पीएफमधून कोविड अ‍ॅडव्हान्स मात्र मिळाला होता (तीन महिन्यांचा बेसिक-डीए किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यातलं कमी असेल ते). त्यावर भाडं-किराणा भागला. गाडीच्या कर्जाचे हप्ते कोविडच्या सवलतीत ऑगस्टपर्यंत थांबवले, पण व्याज चढतच राहिलं. कसली डोंबलाची सवलत!

आता उरलेले पैसे काढायचेत. नोकरी सोडल्याची तारीख आम्हीच पीएफच्या पोर्टलवर भरली, शेवटचा भरणा होऊन दोन महिने उलटले की ती स्वतः टाकता येते. पीएफ काढायचा फॉर्म १९ आणि पेन्शनचा १०सी भरला, तर दोन्ही नामंजूर. कारण काय, तर वडिलांचं नाव जुळत नाही. 'दत्तात्रय'चं कुणीतरी 'दत्तू' करून ठेवलंय.

दुरुस्तीच्या जॉइंट डिक्लेरेशनवर (कामगार आणि मालक दोघांनी मिळून द्यायचा अर्ज) मालकाची सही लागते. तो आणायचा कुठून? कंपनी बंद असेल तर राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालते असं ऐकलंय. कुणी असं करून घेतलंय का? सोबत काय जोडलंत? आमच्याकडे दोन पगारपावत्या आणि कडा उसवलेलं आयकार्ड, एवढंच आहे. एजंट चार हजार मागतोय, त्याला द्यायची इच्छा नाही.