१-२०-८ म्हणजे नेमकं किती? बेळगावचा उतारा आणि चंदगडचा सातबारा

राकसकोप्या:
मंडळी, घरात वाटणी चाललीय आणि आकड्यावरून थोरल्या भावाशी बोलणं बंद व्हायची पाळी आलीय. बाबांचं भाताचं शेत बेळगाव तालुक्यात, आईला माहेरकडून आलेला काजूचा माळ चंदगड तालुक्यात. आई म्हणते, दोन्ही सारखीच, एकेक घ्या. दादानं शेत घेतलं.

आमच्या उताऱ्यावर क्षेत्र १-२०-८. चंदगडच्या सातबाऱ्यावर ०.६१.००, ते हेक्टर-आरमध्ये, म्हणजे ०.६१ हेक्टर किंवा ६१ आर. पुतण्यानं मोबाईलवर १.२० एकर घातलं, शेवटचे ८ सोडून दिले, तर ०.४८५६ हेक्टर आलं. म्हणजे दादाला जवळजवळ साडेबारा आर कमी! आता तो म्हणतोय, माळातले बारा गुंठे मला सोड. आईचं एकच, "तुझ्या आज्जानं पायानं मापलेलं हाय." कुठं चुकतंय?

निपाणीचा_पोरगा:
पुतण्याला सांगा, ते दशांश चिन्ह नव्हे. १-२० म्हणजे १ एकर २० गुंठे. एकराचे गुंठे ४०, म्हणजे झाला दीड एकर. शेवटचे ८ ते आणे. १६ आण्यांचा गुंठा, म्हणून अर्धा गुंठा. आमच्याकडं एका एजंटानं २-३० ला २.३ एकर धरलं होतं. पावणेतीन एकर होतं ते!

साखळी_३३:
मोजणीत आयुष्य गेलं म्हणून थोडं लांबण लावतो. मुंबई इलाख्यातल्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा, १०८९ चौरस फूट. त्यातली एक आणा रुंदीची पट्टी काढली की क्षेत्राचा एक आणा, ६८ चौरस फूट. आर म्हणजे १० मीटर बाय १० मीटर, १०७६ चौरस फूट. गुंठा आरापेक्षा १३ चौरस फुटांनी मोठा, म्हणून बोलण्यात लोक दोन्ही एकच धरतात. दोन-चार गुंठ्यांना चालतं. पण हेक्टरला अडीच एकर म्हणणारा गुंठ्याहून जास्त चुकतो.

तुमचे ६०.५ गुंठे गुणिले १०१.१७, आले ६१२१ चौरस मीटर. चंदगडचे ६१००. फरक २१ चौरस मीटर, म्हणजे तीन-सव्वातीन आणे, आणि तोही दादाच्याच पदरात.

गंमत सांगतो. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होतं. राज्य पुनर्रचनेत जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तेवढं मुंबई राज्यात राहिलं. पुढं तिकडच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर आलं, इकडं उताऱ्यावर एकर-गुंठा-आणे तसेच राहिले. आज्जोबांच्या वेळी दोन्हीकडं गुंठाच होता, त्यांचं बरोबरच.

काजूवाली_वहिनी:
खराबा, म्हणजे कसता न येणारी जमीन, बघितलासा काय? आपल्या उताऱ्यात एकूण क्षेत्रातून खराब वजा करून उरलेलं वेगळं लिहितात, सातबाऱ्यावर तोच पोटखराबा. आमच्या माळावर नुसता जांभा दगड, कुदळ मारली तर ठिणगी उडते. आणि भाताचा गुंठा नि माळाचा गुंठा एका दरानं जातोय व्हय? पुढं दादा शेताचा तुकडा कुणाला देणार असतील तर नोंदणीआधी ११-ई नकाशा, म्हणजे त्या तुकड्याचा मोजणी नकाशा, लागेल, तेही आत्ताच सांगून ठेवा.

राकसकोप्या:
सगळ्यांचे आभार. बघितला खराबा. उताऱ्यावर २ गुंठे, सातबाऱ्यावर ४ आर. म्हणजे कसायला दादाकडंच दोनेक आर जास्त निघतंय. ते मी उकरून काढणार नाही, इथंच लिहून मोकळा होतो. पुतण्याला तेहेतीस फुटांची साखळी समजावली, त्यानं वहीत चौकोन काढून बापाला दाखवला. रात्री दादाचा फोन आला. गुंठ्याचं अवाक्षर नाही. विचारतोय, माळाच्या बांधावरचा फणस कुणाचा?