मदत हवी आहे: काठावर आधीच कुणी गळ टाकून बसलं असेल तर पाण्यात कुठून उतरायचं?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात राहतो. दोन हिवाळे झाले, रविवारी पहाटेची बदलापूर लोकल पकडून उल्हास नदीवर फ्लाय फिशिंगला जातो, म्हणजे पिसा-दोऱ्याचा खोटा किडा (फ्लाय) टाकून मासे धरायला. गुडघाभर पाण्यात उभं राहून चिलापीवर फ्लाय टाकतो आणि मिळालेला मासा परत सोडतो.

रीतभात शिकलो ती हिमाचलात, तीर्थन नदीवर. तिथे ट्राउटसाठी परवाना लागतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते आणि गाईड आधी चालायलाच शिकवतो. मासा धारेकडे तोंड करून उभा असतो, म्हणून आपण त्याच्या मागून, खालून वर सरकायचं. वर सरकणाऱ्याच्या पुढचं पाणी त्याचं. त्याच्या पुढ्यात उतरायचं नाही. धारेबरोबर खाली येणाऱ्याने त्याला वाट द्यायची. पुढे जायचंच असेल तर काठापासून लांबून, कारण पावलांचा हादरा माशाला कळतो.

मागच्या रविवारी डोहाशी एक कातकरी आजोबा गळ टाकून बसले होते. मी त्यांच्या वरच्या अंगाला चांगली पन्नास पावलं सोडून उतरलो. अंतर भरपूर आहे असं वाटलं. पण माझ्या पायांनी ढवळलेला गाळ धारेने थेट त्यांच्या गळावर गेला. आजोबांनी एक शब्द न बोलता दोर गुंडाळला आणि उठून गेले. तो मासा त्यांच्या घरचं कालवण होता, मी तर तो सोडूनच देणार होतो. तेव्हापासून चैन नाही.

बसून गळ टाकणारा जागा सोडत नाही, मग वर-खालीचा नियम त्याला लावायचा कसा? विचारून उतरावं, की त्यांच्या वरच्या पाण्यात पायच घालू नये? पाग (फेकायचं जाळं) टाकणारे आले तर मी मुकाट्याने बाहेर येतो, ते मला पटतं. आपल्याच फ्लायवाल्यांपैकी कुणी पुढ्यात उतरलं तर भांडण न होता कसं सांगता?

भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे उल्हास उन्हाळ्यातही वाहते. आजूबाजूचे ओढे आटले की सगळे याच डोहांवर येतील, म्हणून आत्ताच विचारतोय.

येत्या रविवारी पुन्हा तिथेच जाणार आहे. आजोबा भेटले तर आधी काय बोलू, तेही सांगा.